पत्र्यावरचा दोर आणि दोन वाव ढील

आमच्या इमारतीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी आहे. भाईंदरच्या आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या बहुतेक इमारतींना ती असते. बिल्डरने गच्ची बांधली ती वाळवणासाठी नसून पाणी साठवण्यासाठी, हे रहिवाशांना दोन-तीन पावसाळ्यांत कळतं. मग सभा होते, भांडणं होतात आणि गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहून त्यावर दोन्ही बाजूंना उतरता निळा पत्रा बसतो. लांबून बघितलं तर सगळं इंद्रलोक टोपी घालून कुणाच्या तरी बारशाला निघाल्यासारखं दिसतं. फक्त आमची टोपी एका कानाजवळ गळत होती, आणि तो कान माझा होता.

कान म्हणजे सहाव्या मजल्यावरची आमची आतली खोली. छत आणि बाहेरची भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून पाणी यायचं. मी त्या थेंबांशी जमवून घेतलं होतं. खाली पातेलं ठेवायचं, पातेलं भरलं की कुंडीत ओतायचं. आमची तुळस निव्वळ छताच्या पाण्यावर पोसली आहे, आणि तिच्यासारखी तुळस अख्ख्या भाईंदर पूर्वेत नाही, असं मी पैजेवर सांगतो.

पण श्रावणात प्रकरण गंभीर झालं. आमची समिधा नाशिकला असते. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे जगरहाटीनं ठरलेलं. ती येणार ती त्याच खोलीत, कारण ती खोली तिचीच. दाराच्या मागे तिची उंची मोजलेल्या रेघा अजून आहेत. आता आमच्या विहीणबाई फार समजूतदार बाई. समजूतदार माणसं भांडत नाहीत, त्यामुळे त्यांना उत्तर देता येत नाही. त्यांनी मनोरमाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, फोनवर गोड आवाजात सांगितलं की ओल असलेल्या खोलीत लहान बाळ ठेवणं बरं नव्हे, तेव्हा खोली कोरडी झाली का ते रविवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही इथल्याच दवाखान्यात नाव घालतो, संकोच करू नका. संकोच करू नका म्हटल्यावर मनोरमानं फोन ठेवला आणि त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही. मी ती भाजी तशीच खाल्ली. काही प्रसंग किती मोठे आहेत ते जिभेला आधी कळतं.

मी लगेच पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेशनवाला बोलावला. तो आला, वर बघितलं, ‘जोड सुटलाय, अर्ध्या तासाचं काम’ म्हणाला आणि चप्पल घालूनच शिडीकडे निघाला. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी गोवर्धनभाई लिफ्टमधून बाहेर पडले. गोवर्धनभाई मनुष्य सज्जन, पण मोबाईलवर कुणीतरी छपरावरून पडतानाचा व्हिडिओ पाठवल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्यांनी सोसायटीत नियमच करून टाकला होता: दोर आणि सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय पत्र्यावर मांजरानंही चढायचं नाही. फॅब्रिकेशनवाल्याला ते अपमानास्पद वाटलं. त्याचा बाप, त्याचे काका आणि तो स्वतः, सगळे तोंडात विडी ठेवून पत्र्यावर चालत आलेले. बेल्ट बांधायला मी काय पाळीव कुत्रा आहे, असं काहीतरी हिंदीत बोलून तो गेला. बेल्टवाला दुसरा एक जण मिळाला, तो गणपतीनंतरची तारीख देत होता. रविवार काही गणपतीनंतर येतो म्हणून थांबणार नव्हता, आणि विहीणबाई तर नाहीच.

तेव्हा मी ठरवलं की आपणच चढायचं.

इथे माझी पात्रता सांगितली पाहिजे. मी उभी हयात विमा कंपनीत काढली, आणि माझ्या टेबलावर पडलेल्या माणसांची प्रकरणं यायची. नारळाच्या झाडावरून पडलेले, बांधकामाच्या परांचीवरून पडलेले, आणि एक गृहस्थ तर सत्काराच्या स्टेजवरून हारासकट पडलेले. माणूस का पडतो याचा माझ्याइतका सखोल अभ्यास केलेला दुसरा माणूस मिरा-भाईंदरमध्ये सापडणार नाही. स्वतः पडण्याचा अनुभव तेवढा नव्हता.

मनोरमाला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, “चष्मा लावून चढणार की काढून?” संसारात इतकी वर्षं मुरलेली बायको नवऱ्याला अडवत नाही, त्याच्या बेतातली नेमकी भेग दाखवते. मी चष्म्याला मागून नाडी बांधली.

स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या गल्लीत एका दुकानात मी दोर बघायला गेलो आणि खरं सांगतो, थक्क झालो. दोर म्हणजे दोर, असं मी समजत होतो. दुकानदारानं एकाला कात्रीनं कापून आतलं दाखवलं. बाहेर विणलेली साल आणि आत रेशमासारखा पांढरा गर, पिळाला पीळ लागून. जाडी माझ्या अंगठ्याएवढी आणि ताकद अशी की तो म्हणाला, काका, याला तुमच्यासारखे पंचवीस लटकवा. मी डोळ्यांसमोर माझ्यासारखे पंचवीस एका दोराला लटकलेले आणून बघितले. सगळे एकमेकांना सल्ला देत होते. मग त्यानं बेल्ट काढला. बेल्ट हा शब्द फसवा आहे. मला वाटलं, कमरेला बांधायचा. हा प्रकार खांद्यांवरून येतो, छातीवर भेटतो, पाठीवर लोखंडी कडी ठेवतो आणि मग दोन्ही मांड्यांमधून अशा ठिकाणी जातो की भर दुकानात त्याची चर्चा करता येत नाही.

घरी येऊन मी तो पायजम्यावर चढवला. मनोरमा मला चारी बाजूंनी बघून म्हणाली की पोळ्याला अजून अवकाश आहे. मग शेजारचे आले. तुमच्या घरी नवीन सोफा आला तर शेजारी दुसऱ्या दिवशी येतात. तुम्ही पायजम्यावर पट्टे बांधून हॉलमध्ये उभे राहिलात तर ते त्याच मिनिटाला येतात. पाचव्या मजल्यावरच्या पंढरीनाथरावांनी सांगितलं की मांडीचे पट्टे सैल ठेवा, रक्त थांबतं. त्यांच्या मिसेस म्हणाल्या की घट्ट ठेवा, नाहीतर माणूस खाली जातो आणि पट्टे वर राहतात. मी आतून मात्र भारावून गेलो होतो. पाठीवरची ती कडी कुणीतरी हलकेच ओढून बघायचं, आणि मला वाटायचं, आपल्याला आता कुणीतरी धरलेलं आहे. साठी उलटल्यावर ही भावना माणसाला सहसा मिळत नाही.

दोर आला, बेल्ट आला. आता दुसरं टोक कशाला बांधायचं, हा प्रश्न कमिटीपुढे आला.

मित्रहो, एखाद्या सोसायटीचा खरा स्वभाव बघायचा असेल तर तिला दोराचं एक टोक द्या आणि म्हणा, हे कशाला तरी बांधा. पाण्याच्या टाकीला बांधावा, तर टाकी कालच रंगवलेली. लिफ्टच्या खोलीच्या दाराला बांधावा, तर लिफ्टच्या कंपनीशी झालेल्या करारात माणूस बांधण्याची तरतूद नाही. टीव्हीच्या छत्रीला बांधावा, तर क्रिकेटची मॅच चालू. एकानं सुचवलं की चार तगड्या माणसांनी धरावा. यावर चार तगडी माणसं कोणत्या विंगमधली, असा वाद झाला आणि तगडेपणाचं माप कोण ठरवणार, इथे सभा थांबली. शेवटी गोवर्धनभाईंनीच खुंट सुचवला. बिल्डरनं कधीतरी सातवा मजला चढवू या आशेनं गच्चीवर सिमेंटच्या खांबाचा कमरेएवढा खुंट सोडून दिला होता. जिन्याच्या खोलीच्या मागे तो उभा असायचा, सळ्या वर काढून, वाट बघत. त्याच्या जन्माचं अखेर सार्थक होणार होतं. “पण आत्मारामभाई,” गोवर्धनभाई मला म्हणाले, “गाठ कोण मारणार? तुम्ही मारणार असाल तर मी साईन नाही देणार.”

त्यांचं बरोबर होतं. मला बुटाच्या नाडीपलीकडे गाठ येत नाही. पण तळमजल्यावर निकोलस राहत होता.

निकोलस उत्तनच्या कोळीवाड्यातला. आयुष्य मच्छीमार बोटीवर गेलेलं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मुलानं त्याला आणि त्याच्या बायकोला, मॉलीला, आमच्या इमारतीत आणून ठेवलं होतं. समुद्र सुटल्यापासून तो लिफ्टकडे फार संशयानं बघायचा. दोर हातात दिल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला. त्यानं दोराचा वास घेतला. दोन बोटांमध्ये पिळून बघितला. मग माझ्याशी बोलता बोलता, माझ्याकडेच बघत, त्याच्या हातांनी खाली काहीतरी केलं आणि एक गाठ तयार झाली. ती घट्ट होती, पण सोडायची म्हटली तर एका झटक्यात सुटली. त्यानं ती पुन्हा बांधली. मी म्हटलं, परत दाखव. त्यानं परत दाखवली. मला परत कळली नाही. पंढरीनाथरावांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला, तो आम्ही हळू चालवून बघितला, तरी कळली नाही. निकोलसला विचारलं तर तो म्हणाला, “मला पन न्हाय म्हाईत. हातांना म्हाईत हाय.” त्याच वेळी त्यानं हेही सांगितलं की एकदा भर तुफानात त्यानं याच गाठीनं एक अख्खी बोट पाण्यातून उचलून धरली होती. मी ते मान्य केलं. गोष्टी सांगणाऱ्यानं दुसऱ्या गोष्टी सांगणाऱ्याचा हिशेब मागू नये, हा आमच्यातला धर्म आहे.

रविवारी सकाळी उघडीप होती. गच्चीवर अख्खी इमारत जमली. कुणीतरी चहाची किटली आणली. जिन्याच्या खोलीला शिडी लावली होती, ती निकोलसनं वर आणि खाली दोन्हीकडे बांधून काढली. दोर खुंटापासून निघाला, पत्र्याच्या मधल्या कण्यावरून पलीकडे उतरला. पत्र्याच्या धारेनं तो कापला जाऊ नये म्हणून खाली गोणपाटं घातली. खुंटाला दोन वेढे देऊन टोक बांधलं आणि वेढ्यांवर निकोलस स्वतः हात ठेवून बसला. माझ्या पाठीवरच्या कडीत दुसरं टोक अडकलं तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला. तो आवाज ऐकून सगळे सावरून उभे राहिले. लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी असंच होतं.

आता घडलेली चूक सांगतो. ती निकोलसची म्हणावी तर त्याची, पण आम्ही सगळे तिला मान डोलावत होतो. दोर मोजताना त्यानं माझ्या बाजूच्या पत्र्याच्या कडेपर्यंत लांबी धरली आणि वर दोन वाव जास्तीचा, खुंटावरचे वेढे आणि गाठ यांच्यामध्ये, सोडला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. मी म्हटलं, हा कशाला? तर तो म्हणाला, “ढील ठेवाया पायजे. दोर ताठ बांधला का ओहोटीला होरी खाली जाते, दोर तानतो न तुटतो. दर्याचा कायदा हाय.” होरी म्हणजे होडी, एवढं आम्हाला कळलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं. गोवर्धनभाई तर म्हणाले, व्वा, एक्सपिरियन्स. इमारतीला भरती-ओहोटी नसते, ही गोष्ट त्या गच्चीवरच्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचली नाही. मलाही नाही.

मी चढलो. पत्र्याच्या कण्यावर पोचलो आणि घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय टाकून बसलो. आणि मग मी मान वर केली.

ते कसं सांगू? मी रोज सहाव्या मजल्यावरूनच जग बघतो, पण खिडकीतून. चारही बाजूंना काहीच नाही आणि आपण मध्ये, असं मी कधी बसलो नव्हतो. एकीकडे मिठागरांचे चौकोन पाणी भरून आरशासारखे मांडलेले. त्यांच्यापलीकडे खाडी, तिच्यावरचा पूल, पुलावर काडेपेटीएवढी गाडी. दुसरीकडे हिरवे डोंगर, अंगावर ढग पांघरून अजून झोपलेले. आणि पार लांब पश्चिमेला उत्तनच्या बाजूला एक चकचकीत रेघ. मी ओरडून निकोलसला सांगितलं की तुझा समुद्र दिसतोय. नंतर पंढरीनाथराव म्हणाले की त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. माझ्या पायाखाली एवढी माणसं, एवढी स्वयंपाकघरं, एवढ्या तक्रारी, आणि वर हे सगळं रोज असं मांडून ठेवलेलं. मी जे काम करायला आलो होतो ते क्षणभर विसरलो. खालून गोवर्धनभाईंनी आठवण केली.

मी उतारावरून बसत बसत खाली सरकलो. पत्र्यावर पावसाचं शेवाळ होतं. ते सुंदर होतं, मखमलीसारखं, आणि मखमलीवर पायजमा ज्या वेगानं जातो त्या वेगानं मी गेलो. जोड बघायला मिळालाच नाही. पन्हाळीला पाय लागले, पन्हाळीनं थोडा विचार केला आणि मला जाऊ दिलं. दोर कडेपर्यंतच असता तर मी तिथेच थांबलो असतो, फार तर पाय हलवत. पण मला दोन वाव ढील होती. मी ती सगळी वापरली.

माझा अभ्यास सांगतो की पडणाऱ्या माणसाला आयुष्य आठवतं. मला मनोरमानं इस्त्रीला टाकायला दिलेले कपडे आठवले. मग मांड्यांमध्ये असा एक हिसका बसला की त्याचं वर्णन मी फक्त डॉक्टरांकडे केलं. पण तो हिसका लाटेसारखा आला, भिंतीसारखा नाही. वर निकोलस खुंटाच्या वेढ्यांवरून दोर हातानं रोखत रोखत सोडत होता, किनाऱ्याला लागणारी बोट थोपवतात तसा. त्याच्या चुकीनं मला बाहेर काढलं आणि त्याच्याच हातांनी मला झेललं. मी थांबलो. गोल फिरलो. समोर एक खिडकी आली.

खिडकी आमची होती. आतल्या खोलीची. आत मनोरमा स्टुलावर उभी राहून पडद्याच्या कड्या ओवत होती, आणि कानाला खांद्यानं फोन धरलेला होता. तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. मध्ये लोखंडी ग्रील होतं, जे मीच चोरांच्या भीतीनं बसवलं होतं आणि ज्यातून मांजराचं डोकंही जात नाही. मी म्हणतो, जगातली दुसरी कुठलीही बाई त्या क्षणी किंचाळली असती. मनोरमा फोनमध्ये म्हणाली, “आहेत ना. इथेच आहेत, खिडकीपाशी. देते.”

फोन समिधाचा होता. मनोरमानं स्टुलावरून उतरून आधी ग्रीलमधून हात बाहेर काढला, माझा लोंबता पाय घोट्याला धरला आणि नेमका ग्रीलच्या आडव्या पट्टीवर ठेवला. मग दुसरा. लहान मुलाला पायरीवर उभं करतात तसं. मांड्यांवरचा भार गेला, पायांत रक्त परत आलं आणि मी भिंतीला नाक लावून स्थिर झालो. वरून चाळीस तोंडं एकाच वेळी सल्ला देत होती. तिनं फोन स्पीकरवर टाकून माझ्या कानापाशी धरला.

समिधा म्हणाली, “बाबा, सासूबाई विचारतायत. आज सांगायचंय. खोली गळतेय का?”

आता खोटं बोलणं मला अवघड नाही. ती माझी कला आहे. पण हवेत लटकलेल्या माणसाच्या तोंडून खोटं निघत नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला. मी म्हटलं, गळतेय. पत्र्याचा जोड बघायला निघालो होतो, तेवढ्यात घसरलो. मग तिनं हळूच विचारलं, तुम्ही आत्ता नक्की कुठे आहात. उत्तर द्यायला मी मान वर केली, आणि मला ते दिसलं.

माझ्या डोक्यावर, छत आणि भिंत जिथे भेटतात त्या भेगेतून, बाहेरच्या अंगाला पिंपळ उगवलेला होता. चांगला माझ्या हाताएवढा. खालून रस्त्यावरून तो पन्हाळीआड, गच्चीवरून कठड्याआड, आणि खिडकीतून छज्ज्याआड. त्याला बघायचं तर माणसानं इथेच येऊन लटकायला हवं होतं. ना माती, ना कुंडी, ना कुणाचं पाणी. सिमेंटच्या फटीतून एवढं झाड, आणि पानं अशी कोवळी, तांबूस, की त्यांच्यातून ऊन गाळून येत होतं. वारा नव्हता तरी ती हलत होती. माझ्या खोलीत जे पाणी यायचं ते पत्र्याच्या जोडातून नव्हतंच. या महाशयांनी मुळांनी भेग फोडून ते आत आणलं होतं. मी इतका थक्क झालो की राग यायचा राहून गेला.

मी मनोरमाला सांगितलं आणि पिंपळ उपटायला हात वर नेला. ती आतून कडक आवाजात म्हणाली, “आज रविवार आहे. पिंपळाला शनिवारखेरीज शिवायचं नसतं.”

हा नियम आमच्या घरात तिच्या आजीपासून चालत आलेला. मी लटकलेल्या स्थितीत वार बदलू शकत नव्हतो. गच्चीवर बातमी गेली आणि तिथे नवीन सभा सुरू झाली. गोवर्धनभाई म्हणाले की पिंपळ तोडणं पाप आहे, पंडितजींना फोन लावतो. पंढरीनाथराव म्हणाले की उपटणं पाप आहे, तोडणं चालतं. त्यांच्या मिसेसना नेमकं उलट आठवत होतं. कुणी म्हणालं की निकोलस ख्रिस्ती, त्याला दोष लागणार नाही, त्याला खाली सोडा. निकोलस वरून ओरडला की मी दोर सोडला तर पिंपळ राहील आणि आत्मारामभाऊ राहनार न्हाय. पुढच्या शनिवारी परत यावं, असाही एक ठराव आला. मी तोवर कुठे थांबायचं, ते त्या ठरावात नव्हतं.

फोन अजून चालू होता. समिधा सगळं ऐकत होती. तिनं आईला हाक मारली. म्हणाली, “आई, त्याला हळदकुंकू लाव, माफी माग आणि बाबांना काढू दे. त्यालाही घरच हवंय ना? त्याला दुसरीकडे नेऊन लावू. मला माझ्या खोलीत यायचंय.”

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. मनोरमानं फोन खिडकीत ठेवला. आत गेली आणि ताम्हण घेऊन आली.

मी जे पुढे सांगतो त्यात तीळभरही भर घातलेली नाही. जी भर आहे ती मूळ प्रसंगातच होती. सहाव्या मजल्याच्या बाहेर, दोराला लटकून, ग्रीलवर अनवाणी उभा राहून मी पिंपळाची पूजा केली. ग्रीलमधून हळद आली, कुंकू आलं, पळीभर पाणी आलं, अक्षता आल्या. अर्ध्या अक्षता पाचव्या मजल्यावर पडल्या. आतून मनोरमा सांगत होती आणि बाहेरून मी म्हणत होतो, की बाबा रे, तुझा वार नव्हे, आमची वेळ आहे, क्षमा कर. गच्चीवरची सभा थांबली. रस्त्यावर भाजीवाल्यानं गाडी थांबवून हात जोडले. कुणाला, ते त्याला ठाऊक.

मग मी दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढलं. तो सहज आला नाही. पहिल्यांदा नुसता करकरला. मग एक मूळ सुटलं आणि येतच राहिलं. हातभर आलं, आणखी हातभर, पांढरं, ओलं, वळणं घेत, भिंतीच्या आतून, जणू इमारतच कुणीतरी त्यानं शिवून ठेवली होती. संपलं तेव्हा त्याच्या मागोमाग भेगेतून पाणी आलं. श्रावणाचं, आषाढाचं, माझ्या मते गेल्या साली राहिलेलंसुद्धा. ते सगळं माझ्या डोक्यावर ओतलं गेलं. चष्मा नाडीवर राहिला.

पुढचं काम मनोरमाचं. गोवर्धनभाईंनी वॉटरप्रूफिंगचं सिमेंट पाठवलं, मंजुरीशिवाय, याची नोंद इतिहासानं घ्यावी. तिनं ते जुन्या घमेल्यात कणकेसारखं मळलं आणि पुरणाचे करतात तसे गोळे करून ग्रीलमधून एकेक हातात देत गेली. मी भेगेत भरत गेलो. अंगठ्यानं दाबा, ती सांगायची, करंजीची कड दाबतात तशी. मला करंजीची कड कधी जमली नाही, ही भेग मात्र जमली.

मला वर घेताना निकोलसनं सगळ्यांना कठड्यापाशी ओळीत उभं केलं. त्यांनी माझ्या बाजूला पत्र्याखालून बाहेर वाकून दोर धरला, आणि बोट किनाऱ्यावर ओढताना देतात तसा त्यानं एक आवाज दिला. त्या आवाजावर सगळे एकदम मागे झुकले. ज्या माणसांचं पार्किंगच्या पट्ट्यांवर कधी एकमत झालं नाही ती माणसं एका दमात ओढत होती, एका दमात थांबत होती. मी पिंपळ काखेत धरून हातहात वर येत होतो. कठड्यावर पोचलो तेव्हा गोवर्धनभाईंनी मला मिठी मारली आणि मग आपला शर्ट भिजला म्हणून नाराज झाले. निकोलस दोर गुंडाळायला लागला. त्यानं दोराची ती जास्तीची ढील हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, “हितं ओहोटी न्हाय, काय?” मी म्हटलं, नाही. पिंपळ तो घेऊन गेला, उत्तनला त्याच्या भावाच्या आवाराच्या कडेला लावायला. मॉलीनं वाटेत त्याला पाणी घातलं म्हणे.

समिधा आली. सोबत विहीणबाई आल्या, खोली बघायला. भिंतीला हात लावून बघितला, तो हात रुमालाला पुसूनही बघितला, आणि खाली बसून चहा प्यायल्या. संध्याकाळी त्या समाधानानं नाशिकला परत गेल्या.

मग भाद्रपदातला एक पाऊस आला. साधा नव्हे. दुपारचे दिवे लावावे लागले, समोरची इमारत दिसेनाशी झाली आणि पत्र्यावर असा कडकडाट सुरू झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. समिधा आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती. मी तिच्या पलंगापाशी खुर्ची घेतली, छताच्या कोपऱ्याकडे तोंड केलं आणि मांडीवर पातेलं घेऊन बसलो. सिमेंट मीच भरलेलं, म्हणून विश्वास नव्हता. एक थेंब पडू दे, तो तिच्या अंगावर जायच्या आत मी पकडणार होतो. बसलो. पाऊस वाढला. कोपरा तसाच. मी पातेलं थोडं उंच धरलं.

समिधा कधी जागी झाली कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिनं हात पुढे करून माझा एक हात पातेल्यावरून सोडवला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, थांबा.

बाहेर अख्खं आभाळ कोसळत होतं. आणि माझ्या तळव्याखाली, आतून, कुणीतरी हळूच ढुशी दिली. मग थांबलं. मग दुसरी, जरा जोरात, जागा बदलून. मी इतक्या गोष्टी सांगितल्या आहेत, पण त्या ढुशीत भर घालायला मला काही सुचेना. मी छताकडे बघायचं सोडून दिलं.

दारातून मनोरमा आत आली. आम्हा दोघांकडे तिनं बघितलं, कोपऱ्याकडे बघितलं, आणि माझ्या मांडीवरचं कोरडं पातेलं उचललं.

“आता द्या,” ती म्हणाली. “दूध तापवायचंय.”